आकाशातली कदंब

आमच्या गोव्यात पोर्तुगालचा पासपोर्ट काढून विलायतेला गेलेलं एखादं तरी घर बहुतेक प्रत्येक गावात सापडतं. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना तो मिळू शकतो. माणसं लिस्बनला उतरायची, कागदपत्रं करायची आणि पुढे इंग्लंड गाठायची. ३१ डिसेंबर २०२० नंतर ब्रेक्झिटने ती वाट बंद केली, पण आधी गेलेले तिथेच राहिले. स्विंडन हे नाव आता आमच्याकडे म्हापसा-मडगावइतकंच सवयीचं झालंय. माझा धाकटा भाचा तिथे एका गोदामात रात्रपाळी करतो. थोरला लिस्बनलाच राहिला, आणि माझी ताई त्याच्याकडे होती. ही मंडळी एकमेकांना भेटायची ती स्वस्त विमानांतून. त्यामुळे मला या विमानांचा नाद लागला. आपण कदंबच्या वेळापत्रकाची पाटी वाचतो ना, तसे मी त्यांचे नकाशे वाचतो.

ही गोष्ट फार जुनी नाही. रायनएअरचं पहिलं विमान १९८५ मध्ये आयर्लंडच्या वॉटरफर्डहून लंडनच्या गॅटविकला गेलं. जेमतेम पंधरा आसनांचं, पंख्याचं विमान! पुढे मायकल ओलिअरींनी अमेरिकेतल्या साऊथवेस्ट कंपनीचा धडा गिरवला. नोव्हेंबर १९९५ मध्ये स्टेलिओस हाजी-इओआनू यांच्या ईझीजेटने ल्यूटनहून ग्लासगो आणि एडिंबरोला उड्डाणं सुरू केली. विमानाच्या अंगावर नारिंगी रंगात भलामोठा फोन नंबर रंगवलेला. गिऱ्हाइकाने थेट फोन करावा, एजंटचं कमिशन वाचावं, हा हिशेब. पण खरी किल्ली सरकारांच्या हातात होती. पूर्वी कुठल्या कंपनीने कुठल्या मार्गावर उडावं हे दोन देश आपसांत ठरवत. एप्रिल १९९७ पासून युरोपीय संघातल्या कंपनीला संघातल्या कुठल्याही दोन शहरांमध्ये उडायची मोकळीक मिळाली. म्हणजे आयरिश कंपनी इटलीतल्या इटलीतसुद्धा उतारू नेऊ शकते. आपल्याकडे कॅप्टन गोपीनाथांनी २००३ मध्ये एअर डेक्कन सुरू केली, ती याच वाऱ्यावर.

तुम्ही म्हणाल, तिकीट एवढं स्वस्त परवडतं कसं? उत्तर अगदी साधं आहे. विमान जमिनीवर उभं असलं की खर्च, हवेत असलं की कमाई. रायनएअर पंचवीस मिनिटांत विमान रिकामं करून, भरून पुन्हा सोडायचा प्रयत्न करते. आसनाला मागे झुकायची सोय नाही, पुढे खिसा नाही, कारण खिशात कचरा साठतो आणि तो काढायला वेळ जातो. शक्यतो एकाच जातीची विमानं ठेवायची, म्हणजे वैमानिकांचं प्रशिक्षण एक आणि सुटे भागही तेच. रायनएअरचा मुख्य ताफा बोइंग ७३७ चा. जुन्या प्रकारात १८९ आसनं, २०२१ पासून आलेल्या नव्या प्रकारात १९७. आठच आसनं जास्त, पण ती दिवसातल्या प्रत्येक फेरीला जास्त! ईझीजेट आणि विझएअर एअरबसवाल्या. विझच्या ए३२१निओमध्ये तर २३९ माणसं बसतात.

आणि मग 'बेस'. हा शब्द नीट समजून घेण्यासारखा आहे. बेस म्हणजे विमानाचा रात्रीचा मुक्काम. आपली वस्तीची बस जशी रात्री गावात थांबते आणि सकाळी पहिली फेरी तिथूनच सुटते, तसंच. कर्मचारी त्याच शहरात राहतात, पहाटे निघतात आणि रात्री घरी झोपायला येतात. हॉटेलचा खर्च वाचतो. ईझीजेटने जिनिव्हा, गॅटविकसारखे मोठे विमानतळ धरले. रायनएअरने सुरुवातीला आडगावचे. पॅरिस म्हणून बोवेला उतरवायचं, तिथून पॅरिस ऐंशीएक किलोमीटर. फ्रँकफर्ट म्हणून हानला, तिथून फ्रँकफर्ट सव्वाशेच्या आसपास. काणकोणला उतरवून 'आलं हो म्हापसा' म्हणण्यातला प्रकार! पण त्या आडगावांचं नशीब उघडलं, हेही खरं.

विझएअरची कथा मला सर्वांत जवळची वाटते. १ मे २००४ रोजी पोलंड, हंगेरीसह दहा देश युरोपीय संघात आले. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडनने त्यांच्या कामगारांना लगेच दारं उघडली. त्याच महिन्यात, १९ मे रोजी, विझचं पहिलं विमान पोलंडच्या कातोवित्सेहून ल्यूटनला गेलं. त्या काळात पोलंडचे गवंडी आणि नळकामवाले इंग्लंडला निघाले, आणि सणाला, लग्नाला, मयताला घरी परतू लागले. मुंबईचा चाकरमानी चवथीला कोकणात येतो, अगदी तसे. आधीच्या पिढीतला परदेशी गेलेला माणूस वर्षानुवर्षं घर पाहत नसे. या विमानांनी ते बदललं.

आमच्या घरीही तेच झालं. ताईला कर्करोग निघाला तेव्हा धाकट्या भाच्याने एका बैठकीत पुढच्या चार महिन्यांची तिकिटं काढून टाकली. ब्रिस्टल ते लिस्बन, दर तिसऱ्या शुक्रवारी. स्वस्त तिकीट ज्याला तारीख आधी ठाऊक आहे त्यालाच मिळतं, विमान भरत जातं तसा दर चढतो. आजार काही तारीख सांगून वाढत नाही. म्हणून याने तारखा आपणच ठरवल्या. रात्रपाळी संपवून तो तसाच विमानतळावर जायचा.

एकदा मीही त्याच्याबरोबर होतो. तो पोर्तुगालचा नागरिक, मोबाइल दाखवून पुढे गेला. माझा भारतीय पासपोर्ट, त्यामुळे आधी काउंटरवर व्हिसा तपासून घ्यायचा होता. काचेपलीकडून तो माझी वाट पाहत उभा होता. एकाच घरातली दोन माणसं, आणि त्यांच्यासाठी युरोप दोन प्रकारचा! विमानात तो बसल्या बसल्या झोपला. न झुकणाऱ्या त्या आसनावर मान वाकडी करून. लिस्बनला ताईने त्याला पाहून पहिला प्रश्न विचारला, "जेवलास का रे?"

शेवटच्या दोन तारखा यायच्या आधीच ताई गेली. तो मिळेल त्या दराने तिकीट काढून पोचला. उरलेल्या दोनपैकी एक तिकीट त्याने कागदपत्रांच्या कामासाठी वापरलं. दुसरं तसंच गेलं. असली तिकिटं परत घेत नाहीत.

या स्वस्ताईची किंमत कुणीतरी मोजतं, हे मला कळतं. विमानाच्या इंधनावर युरोपात पेट्रोलसारखा कर नाही, आणि धूर तर सगळ्यांच्याच वाट्याला येतो. रायनएअरने कर्मचाऱ्यांच्या संघटनांना मान्यता दिली ती डिसेंबर २०१७ मध्ये, तीही संपाच्या सावटाखाली. बेस जितक्या झटकन येतो तितक्याच झटकन जातो. २०२० मध्ये रायनएअरने हानचा बेस बंद करायची घोषणा केली, २०२१ मध्ये तो विमानतळच दिवाळखोरीत गेला. विमान दुसरीकडे उडवता येतं, गाव कुठे नेणार?

तरीही हिशेब मांडताना मी एक रकाना जास्त घालतो. मुलगा आईला त्या महिन्यांत पुन्हा पुन्हा भेटला नसता तर तो तोटा कुणाच्या वहीत लिहायचा होता? कदंबची बस खडखडते, उशिरा येते, तिच्यावर आपण सगळेच चिडतो. पण ती नसती तर कितीतरी म्हाताऱ्यांच्या घरी शनिवार-रविवारीही कुणी आलं नसतं.