चाकाखालचा धोंडा

तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरासमोर जीप उभी असली, की तिच्या मागच्या चाकाखाली एक धोंडा हमखास असे. तो केशकालच्या घाटातला. जगदलपूरला बदली झाली त्या वर्षी, त्या बारा वळणांच्या चढावर वडील गाडी थांबवून उतरले आणि आई आत बसलेली असतानाच जीप मागे सरकू लागली. धावत जाऊन वडिलांनी हाताला लागला तो दगड चाकाखाली सारला. त्यानंतर आईने हँडब्रेकवर कधी विश्वास ठेवला नाही. आणि वडिलांवरही, असे ते हसत म्हणत. हसत म्हणत, एवढेच.

आपल्यापैकी अनेकांनी दौऱ्यावर जीप वापरली असेल. आमची सीजे-3बी. अमेरिकेत 1953 ते 1968 पर्यंत निघालेले हे मॉडेल महिंद्रांनी पुढेही चालू ठेवले. उंच इंजिन मावावे म्हणून हिचे कपाळ उंच. तिचा हँडब्रेक चाकांवर नसतोच! तो असतो ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टच्या तोंडाशी, एका लहानशा ड्रममध्ये. त्यामुळे मागचे एक चाक जॅकवर उचलले, की डिफरन्शियल फिरते आणि ओढलेला ब्रेक असून नसल्यासारखा होतो. धोंडा ठेवणे ही काही केवळ आईची भीती नव्हती.

वडील गेल्यावर मी ड्रम उघडला. ऑइल सीलमधून झिरपलेल्या तेलाने लायनर काळेकुळकुळीत झाले होते. लिव्हरच्या पिनांची भोके झिजून लंबगोल झालेली, तार गंजून आवरणात अडकलेली. एकेका सांध्यात केसाएवढी ढिलाई. पण मूठ पुरती ओढली तरी ड्रमपर्यंत काही पोचत नव्हते. इतकी वर्षे हे दुरुस्त का केले नाही, हे विचारायला आता कोणी नव्हते.

मिस्त्री नुसते लायनर बदलू म्हणत होता. मी आधी सील बदलवले. नाहीतर नवे लायनरही महिन्याभरात तेल प्यायले असते. मग तार, पिना, स्प्रिंगा. तीन रविवार गेले.

नंतर आईला घेऊन निघालो. शहाऐंशी वर्षांची आई पुढे बसली. केशकालला तिसऱ्या वळणावर मी गाडी थांबवली, मूठ ओढली, पायब्रेकवरचा पाय हळूहळू काढला. जीप हलली नाही.

"धोंडा आणलायस ना?" आईने विचारले.

"मागे आहे. लावू?"

ती थोडा वेळ दरीकडे पाहत राहिली. "असू दे," म्हणाली, आणि दशम्यांचा डबा उघडू लागली.