घंटा नसलेला वेग

विजेवर चालणारी मोटार ही अगदी आजची नवलाई, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. मोटारीने ताशी 100 किलोमीटरची मर्यादा प्रथम ओलांडली ती 29 एप्रिल 1899 रोजी, पॅरिसजवळ. आणि ती मोटार पेट्रोलची नव्हती, विजेची होती. तिच्यावर कामीय जेनात्झी नावाचा बेल्जियन गृहस्थ स्वार झाला होता. त्याच्या तांबड्या दाढीमुळे लोक त्याला 'लाल सैतान' म्हणत. मोटारीचे नाव होते 'ला जामे कोन्तान्त', म्हणजे 'कधीच समाधान न पावणारी'. या दोन्ही नावांत धर्मगुरूला प्रवचनाची आयती सामग्री सापडावी हे साहजिक आहे. तो मोह आम्ही येथे आवरतो.

आपल्या मुंबईच्या रस्त्यावर विजेचे वाहन आले ते 1907 मध्ये, ट्रामच्या रूपाने. शेवटची ट्राम 31 मार्च 1964 रोजी बोरीबंदरहून दादरला गेली. 'दादर टी. टी.' या नावात ट्राम दडलेली आहे, हे आज अनेक तरुणांना सांगावे लागते. आमचा जन्म त्यानंतरचा, त्यामुळे ट्राम आम्ही पाहिली नाही. परंतु धर्मग्रामातील वृद्धांना तिच्याविषयी विचारले, की प्रथम आठवते ती घंटा. चालक ती पायाने वाजवीत असे. रुळांवरून, ठरलेल्या वाटेने, संथपणे जाणाऱ्या वाहनालाही घंटेची गरज वाटत होती.

आजच्या विद्युत् शर्यती मोटारींना घंटा नाही आणि गर्जनाही नाही. पेट्रोलचे इंजिन आधी घुमावे लागते, मग गिअर बदलत बदलत वेग चढतो. विद्युत् मोटर जागेवर उभी असतानाच आपली पूर्ण ओढ चाकांना देऊ शकते. आपल्या महिंद्र समूहाच्या मालकीच्या 'ऑटोमोबिली पिनिनफारिना' या कंपनीने इटलीत घडवलेली मोटार शून्यावरून ताशी 100 किलोमीटर वेग 1.86 सेकंदांत गाठते. 'प्रणाम मारिया'चे पहिले चार शब्दही तेवढ्यात म्हणून होत नाहीत! अशा केवळ 150 मोटारी करण्याचे कंपनीने ठरवले आणि मोटारीला नाव दिले 'बाप्तिस्ता'. ते बाप्तिस्ता फारिना यांचे नाव. पण मुळात ते टोळ आणि रानमध खाऊन अरण्यात राहणाऱ्या योहानाचे, हे आठवून आम्हांला थोडे हसू आले.

याच महिंद्र समूहाचे मोठे कार्यालय आपल्या वरळीला आहे आणि त्यांचा संघ विद्युत् मोटारींच्या 'फॉर्म्युला ई' या जागतिक स्पर्धेत 2014 च्या पहिल्या शर्यतीपासून उतरला आहे. बीजिंगच्या त्या शर्यतीत चेन्नईचा करुण चांधोक या संघातर्फे धावला आणि पाचवा आला. आरंभीच्या काळात एका बॅटरीवर शर्यत पुरी होत नसे. चालक मध्येच थांबून दुसऱ्या मोटारीत बसत. पुढे बॅटरी सुधारली. तरीही या शर्यतीचे मर्म तेच राहिले. वीज मोजून मिळते. ब्रेक लावताना चाकांतून वीज परत बॅटरीत जाते; म्हणून वळण येण्याआधीच पाय उचलून मोटार नुसती वाहू द्यायची, साठा राखायचा, आणि नेमक्या क्षणी तो खर्चायचा. 11 फेब्रुवारी 2023 रोजी हैदराबादला हुसेनसागराच्या काठी ही शर्यत झाली तेव्हा फ्रान्सचा जाँ-एरिक व्हेर्न विजयी झाला. अखेरच्या फेऱ्यांत त्याच्याजवळ वीज थोडी उरली होती आणि निक कॅसिडी मागे लागला होता. ज्याला आपण बेफाम वेगाचा खेळ समजतो, तो बऱ्याच अंशी काटकसरीचा खेळ आहे. आम्हांला हे मनापासून आवडले.

या विषयाकडे आम्ही वळलो ते मात्र शर्यतीमुळे नव्हे. आमच्याकडे एक तिशीचा गृहस्थ येतो. लालबागला राहतो, मलबार हिलवरील एका कुटुंबाकडे चालक म्हणून नोकरी करतो. त्या घरी दोन आसनांची एक परदेशी विद्युत् मोटार आली. तो सांगू लागला ते पापनिवेदनात नव्हे, मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर. आणि लिहिण्यास त्याची अनुमती आहे.

मालकाचा मुलगा रात्री ती मोटार सागरी किनारा मार्गावर नेतो आणि याला शेजारी बसवतो. मार्च 2024 पासून टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या या मार्गावर वेगमर्यादा 80 किलोमीटर आहे. मलबार हिलखालच्या बोगद्यात 60 आणि वळणांवर 40. मुलगा याच्या दुप्पट जातो. पेट्रोलच्या मोटारी रात्री तेथे गुरगुरत गेल्या, तर रहिवासी तक्रार करतात. या मोटारीची तक्रार कोण करणार? कोणाची झोपच मोडत नाही.

"फादर, पोरगा वाईट नाही," तो म्हणाला. "एक वाजला की मला घरी सोडायला स्वतः लालबागपर्यंत येतो. पण परळला हॉस्पिटलजवळून जाताना मी डोळे मिटतो. बाजूला बसलो म्हणजे माझंही पाप होतं का?"

टाटा रुग्णालयासमोरचा तो रस्ता आम्हांला परिचित आहे. कर्करोगाचे शल्यचिकित्सक डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचे नाव त्याला दिलेले आहे. आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी जाताना फुटपाथवर पथाऱ्या टाकून राहिलेली कुटुंबे दिसतात. बिहारची, बंगालची, आपल्या मराठवाड्याचीही. रात्री कोणी पाण्यासाठी उठतो, कोणी औषधाच्या दुकानाकडे निघतो. आपल्या शहरात माणसे डोळ्यांपेक्षा कानांनीच रस्ता ओलांडतात. त्या कानांना दोन टन वजनाची मोटार ऐकू यावी कशी? वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो, हे शाळेतले गणित. मंद वेगात जाणाऱ्या विद्युत् मोटारीतून कृत्रिम आवाज निघालाच पाहिजे, असा नियम युरोपात 2021 पासून सर्व नव्या मोटारींना लागू आहे आणि आपल्या केंद्र सरकारनेही 2025 मध्ये तसा मसुदा प्रसिद्ध केला. तो नियम हवाच. पण तो ताशी 20 किलोमीटरपर्यंतच्या वेगाचा आहे.

कॅथलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ पाचव्या आज्ञेच्या विवेचनात, परिच्छेद 2290 मध्ये, वेगाच्या हव्यासापायी स्वतःला आणि इतरांना धोक्यात घालणाऱ्यांवर गंभीर दोष ठेवतो. 2007 मध्ये व्हॅटिकनने वाहनचालकांसाठी दहा आज्ञाही काढल्या. वृत्तपत्रांनी तेव्हा त्यांची थोडी थट्टा केली. शेजारी बसलेल्या पगारी माणसाविषयी मात्र सेमिनरीत शिकलेले 'सहभागाचे' सारे बारकावे आठवूनही आमचे उत्तर साधेच निघाले. "अरे बाबा, तुझा पाय ॲक्सिलरेटरवर नाही. पण तुला जीभ आहे."

त्याने ती आधीच वापरून पाहिली होती. मुलाला त्याने सुचवले होते, की वेगाची हौस असेल, तर ट्रॅकवर चला. तेथे जाणारा प्रत्येकजण राजीखुशीने गेलेला असतो, डोक्यावर शिरस्त्राण असते, रुग्णवाहिका उभी असते आणि कडेला कोणी निजलेले नसते. मुलगा एकदा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर जाऊन आला आणि हिरमुसून परतला. चार-पाच फेऱ्यांतच बॅटरी तापली, यंत्रणेने आपण होऊन जोर कमी केला, आणि अवजड मोटारीचे ब्रेक व टायर कुरकुरू लागले. मोकळ्या रस्त्यावर एका दमात राजासारखी सुटणारी मोटार ट्रॅकवर धापा टाकू लागली. रस्ता चालकाची खुशामत करतो. ट्रॅक त्याची परीक्षा घेतो. मुलाला खुशामत गोड वाटली असावी.

उरला होता मालक. आम्ही बरोबर येऊ का, असे विचारले. त्याने मान हलवली. "तुम्ही आलात तर चुगली केल्यासारखं दिसेल. माझं मीच सांगतो." त्याचे दोन मुलगे शाळेत आहेत, पत्नी शिवणकाम करते, खोली भाड्याची आहे. त्याला भीती वाटत होती आणि ती निराधार नव्हती.

पुढच्याच आठवड्यात त्याने सांगितले. मालकाने ऐकून घेतले, काही बोलला नाही. दोन दिवसांनी मोटारीच्या पडद्यावर सांकेतिक क्रमांक घालून वेग 80 वर बांधून टाकला. विद्युत् मोटारीत हे सोपे असते म्हणे.

मुलगा आता याच्याशी बोलत नाही. नोकरी अजून टिकून आहे. जूनमध्ये दोन्ही मुलांची फी भरायची आहे. तोपर्यंत तरी टिकावी, यासाठी त्याने मिस्सेचे दान ठेवले आहे.