आमची अकराशे

मंडळी, जुन्या गाड्यांचा शौक म्हटलं की लोकांना संस्थानिकांच्या रोल्स रॉइस आठवतात. मास्तरणीच्या पगारात तसलं काही बसत नाही. आमच्या संग्रहात गाडी एकच, १९६८ सालची फियाट ११०० डी. तीही १९८१ मध्ये जुनी म्हणूनच घेतलेली, कारण नवी हवी तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची!

तशी ही गाडी आपल्याच माणसाची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागल्या. पुढची दारं उलटी उघडणारी ती गुबगुबीत 'डुक्कर फियाट' आठवते ना? तिच्या मागून १९६४ मध्ये ११०० डी आली आणि पुढे तिचीच 'पद्मिनी' झाली. इंजिन १०८९ सीसीचं, म्हणून नावात अकराशे. हँडलपाशी गिअर, पुढे सलग बाक, थंडीत चोक ओढायचा. उन्हाळ्यात खंबाटकीच्या घाटात रुसली, की बॉनेट उघडून फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि डब्यातले लाडू खात वाट बघायची. पाच-दहा मिनिटांत बाईसाहेब तयार!

आता शर्यतीबद्दल. हसू नका, आम्ही खरंच शर्यतीत उतरायचो. जुन्या गाड्यांच्या रॅलीत बहुधा वेगाला महत्त्व नसतं. ठरलेल्या सरासरी वेगानं ठरलेलं अंतर कापायचं. वाटेत कुठेतरी लपलेली तपासणी चौकी असते. तिथे उशिरा पोचलात तर दंड, लवकर पोचलात तरीही दंड! हे गाडी चालवायचे आणि मी शेजारी घड्याळ, पेन्सिल, कागद घेऊन बसायचे. ताशी ३२ किलोमीटरनं ८ किलोमीटर, म्हणजे बरोबर १५ मिनिटं. सातवीच्या मुलांना घातलेली गणितं अशी रस्त्यावर सोडवायला मिळाली, याचं मला फार अप्रूप होतं. 

शेजारी बसणाऱ्याचं काम कमी समजू नका. इटलीत १९२७ पासून 'मिले मिलिया' नावाची हजार मैलांची शर्यत व्हायची. १९५५ मध्ये स्टर्लिंग मॉसनं ती १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत जिंकली. त्याच्या शेजारी डेनिस जेंकिन्सन नावाचा पत्रकार होता. वळणांच्या खुणा लिहिलेली कागदाची लांबलचक गुंडाळी सरकवत तो हातानं इशारे करायचा, कारण इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकूच येत नसे. पण १९५७ मध्ये एक फेरारी गर्दीत घुसली. दोघे स्पर्धक आणि नऊ प्रेक्षक गेले, त्यांत पाच मुलं होती. ती शर्यत तिथेच संपली. १९७७ पासून त्याच नावानं जुन्या गाड्यांची रॅली होते, पण तीही वेळ अचूक साधण्याची. मला वाटतं, हेच शहाणपण. गाडीवरचं प्रेम दाखवायला कुणाच्या जिवाशी खेळायची गरज नाही.

हे गेले त्याला चार वर्षं झाली. गाडी आता मीच चालवते. चिरंजीव परदेशातून फोनवर सांगतात, "आई, व्हिंटेजमध्ये नोंदव आणि झाकून ठेव." २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीची तशी नोंदणी होते. जुना नंबरही राहतो. पण मग गाडी रोजच्या कामाला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच बाहेर. म्हणजे मंडई बंद, बहिणीकडे जाणं बंद!

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. सुटे भाग शोधावे लागतात. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं जुने रबरी पाइप लवकर खराब होतात, ते बदलून घ्यावे लागतात. आमचे मिस्त्रीही आता थकले. पण जी गाडी चालत नाही, ती लवकर बिघडते. सील सुकतात, बॅटरी उतरते, टाकीत गंज धरतो. माणसाचंही तसंच असतं, हे या वयात वेगळं सांगायला नको :-)

म्हणून मी ठरवलंय. माझं लायसन्स पुढच्या वर्षापर्यंत आहे. डॉक्टरांनी डोळे तपासून होय म्हटलं तर पुन्हा करून घेईन. नाही म्हटलं तर किल्ली भाचीकडे. ती हँडलचे गिअर शिकली आहे, आणि मुख्य म्हणजे ब्रेक मारण्याआधी आरशात बघते. व्हिंटेजचा अर्ज तिनं तेव्हा भरावा आणि रॅलीत उतरावं. घड्याळ घेऊन शेजारी बसायला मी आहेच. त्याला लायसन्स लागत नाही.

चिरंजीव हे वाचतीलच. बाळा, फोनवर पुन्हा तोच विषय नको. असो!