नाडीची फाइल आणि उघडी यादी

आमचा फॅमिली बिझनेस सांगितला की फ्रेंड्स हसतात. बाबा फायली बनवतात. सरकारी ऑफिसात दिसते ना, जाड पुठ्ठ्याची, नाडी बांधलेली? तीच! शिवाय रेक्झिनच्या पाठीची लांबलचक रजिस्टर्स. पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात आमचं बायंडिंगचं वर्कशॉप आहे. चार कारागीर, दोन मशिन्स आणि खळीचा वास.

गंमत म्हणजे, सरकारच्या फायली बांधणाऱ्या या माणसाचं नाव सरकारच्या एकाही यादीत नव्हतं. बाबा माल द्यायचे एका होलसेलरला. तो ‘लिस्टेड सप्लायर’. लेबल त्याचं, बिल त्याचं. आम्हाला रजिस्टरमागे सुटायचे तीन रुपये, तेही तीन महिन्यांनी. ‘‘सरकारी काम ओळखीशिवाय मिळत नाही, बाळा,’’ हे बाबांचं फेव्हरिट वाक्य.

माझं तरी काय वेगळं होतं? फ्रीलान्सर म्हणजे कुठल्या एडिटरच्या मोबाइलमध्ये आपला नंबर सेव्ह आहे, यावर महिन्याचं भाडं ठरणार. बंद याद्यांचं दुखणं मला चांगलंच ठाऊक होतं.

मग होलसेलरने रेट आणखी खाली मागितला. त्या संध्याकाळी बाबा चहाचा कप हातात धरून म्हणाले, ‘‘दोघांना कमी करावं लागेल.’’ त्यातला एक जण माझ्या जन्माआधीपासून आमच्याकडे आहे. रात्री मी लॅपटॉप उघडला.

पूर्वी केंद्र सरकारची बरीच खरेदी डीजीएस अँड डी नावाच्या खात्याच्या रेट काँट्रॅक्टवर चालायची. त्या यादीत असाल तर असाल! ते खातं ३१ ऑक्टोबर २०१७ला बंद झालं. त्याआधीच, ऑगस्ट २०१६मध्ये, गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस म्हणजे ‘जेम’ सुरू झालं होतं. जी वस्तू तिथे मिळते, ती केंद्राच्या खात्यांनी तिथूनच घ्यायची, असा नियम आहे. आणि मेन पॉइंट म्हणजे विक्रेत्यांची ही यादी कधी बंद होत नाही. आज या, पुढच्या दिवाळीत या, लास्ट डेट नाही. नोंदणीला फीही नाही. पॅन, आधार, जीएसटी नंबर, बँक खातं हाताशी ठेवायचं. शिवाय छोट्या धंद्याला मिळणाऱ्या सवलतींसाठी ‘उद्यम’ नोंदणी, तीही फुकट. बाबांचा आधारला जोडलेला मोबाइल नंबर जुना निघाला, म्हणून दोन दिवस गेले. एवढाच ड्रामा.

पण यादीत नाव लागलं म्हणजे काम मिळालं, असं नाही हं! पहिले दोन महिने आमच्या पानाकडे कुणी फिरकलं नाही. नंतर कळलं, मी कॅटलॉगमध्ये नुसतं ‘उत्तम दर्जाचं रजिस्टर’ लिहिलं होतं. ऑफिसं शोधतात पानांची संख्या, कागदाचं जीएसएम, साइझ. सगळं नीट भरलं आणि पहिली ऑर्डर आली. पंचवीस रजिस्टर्स, डिलिव्हरी... लेह! जेमवरच्या किमतीत टॅक्स आणि पोचवण्याचा खर्च धरलेला असतो. आणि मी डिलिव्हरीच्या जागांमध्ये अख्खा भारत टिक केला होता. पार्सलचा खर्च मालापेक्षा जास्त. मला रडू आलं. बाबा म्हणाले, ‘‘शब्द दिलाय ना? पाठवायचं.’’ पाठवलं. त्याच रात्री यादीत फक्त महाराष्ट्र आणि गोवा ठेवलं.

खरी मजा आली एका बिडमध्ये. सगळ्यात कमी रेट एका मोठ्या कंपनीचा, शंभर रुपये. आमचा एकशे अकरा. मी म्हटलं, गेलं! पण लहान उद्योगांसाठी केंद्राचं २०१२चं खरेदी धोरण आहे. केंद्राच्या खात्यांनी आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला किमान २५ टक्के हिस्सा अशा उद्योगांकडून घ्यायचा. बिडमध्ये ही सवलत लागू असेल, सर्वात कमी रेट मोठ्या कंपनीचा असेल आणि आपला त्यावर १५ टक्क्यांच्या आत असेल, तर तोच रेट देऊन ऑर्डरचा एक भाग घेता येतो. बाबांसारख्या स्वतः माल बनवणाऱ्यांना बयाणा रक्कमही भरावी लागत नाही. नुसता ट्रेडिंग करणाऱ्यांना या सवलती नाहीत. म्हणजे आमच्या होलसेलरला नाही, आम्हाला आहे!

बाबा पेन्सिल घेऊन बसले. पुठ्ठा, रेक्झिन, मजुरी, टेम्पो. शंभरात रजिस्टरमागे सात रुपये सुटत होते. नसते सुटले तर ‘नाही’ म्हणा, असं मी आधीच बजावलं होतं. बाबांनी ‘हो’ म्हटलं.

पैसे? ऑफिसने माल दहा दिवसांत तपासून पावती द्यायची आणि पुढच्या दहा दिवसांत पैसे, असा नियम. आमचे आले अडतिसाव्या दिवशी. तोपर्यंत २००६च्या एमएसएमई कायद्यातली ४५ दिवसांची मर्यादा आणि त्यानंतरचं व्याज मला तोंडपाठ झालं होतं. एक सभ्य मेल टाकला, तेव्हा काम झालं.

होलसेलरकडे अजून निम्मा माल जातो. बाबांनी त्याच्याशी भांडण केलं नाही. पण आता रेटची बोलणी होतात, तेव्हा बाबा खुर्चीत मागे रेलून बसतात. चारही कारागीर कामावर आहेत.

तुमच्याही घरी कुणी खुर्च्या बनवत असेल, गणवेश शिवत असेल, तर एका शनिवारी पिक्चर बुडवा आणि त्यांच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसा. लेहवर टिक करण्याआधी फक्त विचार करा!

परवा वर्कशॉपमध्ये गेले, तर बाबांनी त्या बिडच्या ऑर्डरची प्रिंट काढून ठेवलेली. वरती ठळक अक्षरात आमच्या फर्मचं नाव. ठेवली कुठे म्हणता? अर्थात फाइलमध्ये. आणि नाडीला दोन गाठी.