हातचे, पळते आणि उघडे दार

‘हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये’ ही म्हण आमच्या आईने मला १९९३ च्या जून महिन्यात निदान शंभर वेळा तरी ऐकवली असेल. पोळपाटावर भाकरी थापता थापता ऐकवली, विहिरीवर धुणे धुताना ऐकवली आणि रात्री दिवा मालवतानाही ऐकवली. कारण तेव्हा माझ्या हातात एक नेमणूकपत्र होते आणि डोळ्यांसमोर तीन मुलाखती पळत होत्या.

मी नुकताच जनरल नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स पुरा केला होता. आम्ही सोलापूरचे. वडील यंत्रमागावर कामाला. आठवड्यातले चार दिवस माग चाले, तीन दिवस बंद. पाठचा भाऊ बारावीला होता. प्रशिक्षणात मिळणारे विद्यावेतन घरात फार मोलाचे होते आणि आता तेही थांबले होते.

नेमणूकपत्र होते गावातल्याच एका खाजगी रुग्णालयाचे. तीस खाटा, पगार महिना नऊशे रुपये, एक जुलैला हजर व्हायचे. पळत्या मुलाखती अशा: एक पुण्याला, एक मुंबईच्या पालिका रुग्णालयासाठी आणि तिसरी आखाती देशात जाण्याची. या तिसरीची अजून नुसती कुणकुणच होती. आमच्या बॅचच्या केरळी मैत्रिणीच्या दोन बहिणी तिकडे नोकरीला होत्या. ती तिकडच्या पगाराचे आकडे सांगू लागली की आम्ही जेवणाच्या ताटावर हात तसेच धरून ऐकत बसायचो.

वडिलांचे मत आईच्या नेमके उलट होते. ते म्हणायचे, “नऊशे रुपयांवर गुंतलीस की गुंतलीस. पालिकेची नोकरी म्हणजे जन्माची भाकरी. थांब थोडी.” त्यांनी कालनिर्णयचे मे महिन्याचे पान फाडले आणि पाठीमागच्या कोऱ्या जागेत दोन रकाने आखले. डावीकडे खाजगी, उजवीकडे सरकारी. पगार, रजा, निवृत्तिवेतन, राहण्याची सोय. उजवा रकाना भरभरून वाहू लागला, डावीकडे दोन ओळीच राहिल्या. ते पान घेऊन मी आमच्या सिस्टर ट्यूटरना भेटायला गेले.

बाईंनी चष्मा लावून पान वाचले आणि म्हणाल्या, “उजव्या बाजूचं हे सगळं तुला मिळालंय का?”

“नाही, बाई.”

“मग मिळालेल्याची आणि न मिळालेल्याची बेरीज-वजाबाकी कशी करतेस? पगाराशी पगार ताडून पाहू नकोस. एवढंच विचार, की हे दार उघडून आत गेलीस तर ती दुसरी दारं बंद होतात का? होत असतील तर दहादा विचार कर. होत नसतील तर वेळ कशाला घालवतेस?”

मग त्यांनी नेमणूकपत्र मागितले. मी त्यात फक्त नऊशेचा आकडा वाचला होता. बाईंनी शेवटच्या दोन ओळींवर बोट ठेवले. दोन वर्षे नोकरी सोडणार नाही असे लिहून द्यायचे आणि मूळ प्रमाणपत्रे रुग्णालयात जमा करायची! म्हणजे एखाद्या मुलाखतीला बोलावणे आलेच, तर मी दाखवणार काय?

“दार बंद होतं ते असं,” बाई म्हणाल्या. “जा, डॉक्टरांशी बोल. फार तर नाही म्हणतील.”

बावीस वर्षांची मुलगी, पहिलीच नोकरी, आणि मालकाला अटी घालायच्या! डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसले तेव्हा तळहाताला घाम फुटला होता. पण बोलले. मूळ कागद माझ्याकडेच राहावेत, साक्षांकित प्रती देते. दोन नव्हे, एक वर्षाचा शब्द देते. पण सरकारी निवड झाली तर महिन्याची सूचना देऊन जाऊ द्यावे. मुलाखतीला जायचे झाल्यास साप्ताहिक सुटी बदलून मिळावी. डॉक्टर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “रात्रपाळी महिन्यातले पंधरा दिवस करावी लागेल.” मी हो म्हटले. आई खूश झाली. वडिलांनी कालनिर्णयचे पान घडी करून ट्रंकेत ठेवले.

पहिली मुलाखत ऑगस्टमध्ये झाली. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेऊन मी पुण्याला गेले. समोर तिघे बसले होते. त्यातल्या एका वयस्क मेट्रननी विचारले, “रुग्णाला रक्त चढवताना थंडी वाजून आली, तर प्रथम काय कराल?”

मी म्हटले, “डॉक्टरांना कळवीन.”

“त्याच्या आधी?”

मी गप्प. त्यांनी शांतपणे सांगितले, “आधी रक्त बंद करायचं. शिरेतली सुई चालू ठेवून सलाइन लावायचं, मग डॉक्टरांना हाक, आणि ती बाटली फेकायची नाही, रक्तपेढीकडे परत पाठवायची.” हे सगळे मी परीक्षेत लिहिले होते. पण लिहिणे वेगळे आणि तोंडातून वेळेवर निघणे वेगळे. निवड झाली नाही. परतीच्या गाडीत रडले, आणि दुसऱ्या दिवशी रात्रपाळीला हजर झाले. कामावर परत जायला जागा आहे, हे त्या दिवशी केवढे मोठे वाटले म्हणून सांगू!

पालिकेची मुलाखत होती शुक्रवारी, १ ऑक्टोबरला. गुरुवारी रात्रीच्या गाडीने मुंबईला निघायचे ठरले होते. बुधवारची माझी रात्रपाळी होती. गणपती विसर्जनाच्या मिरवणुका आटोपून गाव निजले होते. पहाटे चारच्या सुमारास खिडक्यांची तावदाने थडथडली, सलाइनचे स्टँड हलू लागले. रुग्ण उठून बसले. थोड्या वेळाने सगळे शांत झाले. आम्हाला वाटले, संपले.

दिवस उजाडल्यावर कळू लागले. किल्लारीकडे, उमरगा-लोहाऱ्याकडे गावेच्या गावे भुईसपाट झाली होती. तिकडची घरे दगडमातीच्या जाड भिंतींची, वर मातीचे जड धाबे. झोपलेल्या माणसांवर ते सगळे कोसळले होते. ट्रक, जीप, एस.टी., मिळेल त्या वाहनाने जखमी सोलापुरात येऊ लागले. सिव्हिल हॉस्पिटल भरले, मग खाजगी रुग्णालयेही. आमच्या तीस खाटांच्या मध्ये जमिनीवर गाद्या पडल्या.

दुपारी डॉक्टर स्वतःहून म्हणाले, “तुझी गाडी आहे ना रात्री? मी शब्द दिलाय. तू जा.”

मला कोणी अडवले नाही, हे मुद्दाम सांगते. माझ्यासमोर एक सात-आठ वर्षांची मुलगी होती. मांडीचे हाड मोडलेले, केसांत पांढरी माती घट्ट बसलेली. ती रडत नव्हती. कोणी जवळून उठले, की फक्त पदर धरायची. मी गाडीची वेळ दोनदा पाहिली. मग पाहिली नाही.

त्या रात्री एका आजोबांना रक्त चालू असताना हुडहुडी भरली. हाक मारण्याआधी माझ्या हाताने नळी बंद केली होती. पुण्याच्या मेट्रनबाईंची तेव्हा आठवण झाली.

मुलाखत हुकली ती हुकलीच. वडील काही बोलले नाहीत, पण महिनाभर त्यांनी त्या ट्रंकेला हातही लावला नाही. तीत माझी निवड झाली असती का, हे मला आजही ठाऊक नाही. झाली असती, तर तीन वर्षे आधी पक्की नोकरी लागली असती, घरची ओढाताण तेवढी कमी झाली असती. या गोष्टीची किंमत आम्ही मोजली, ती लपवण्यात अर्थ नाही. १९९६ मध्ये मी सरकारी रुग्णालयात लागले. त्या मुलाखतीत विचारलेले बहुतेक सारे माझ्या हातांना आधीच येत होते. तोपर्यंत त्या नऊशेच्या नोकरीवर भावाचे कॉलेज पार पडत आले होते.

त्याच भावाची मुलगी आता बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षे पुरी करून माझ्यासमोर बसली आहे. तिच्या हातात पुण्याच्या एका खाजगी रुग्णालयाचे पत्र आहे. पळत्या गोष्टी मात्र बदलल्या आहेत. केंद्र सरकारने २०१६ पासून अशा पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. एम्ससारख्या संस्थांसाठी २०२० पासून सामाईक परीक्षा असते. शिवाय तिला जर्मनीला जायचे आहे. त्यासाठी जर्मन भाषेची बी-टू पातळी गाठायची आहे. भाऊ म्हणतो, घरी बसून एक वर्ष अभ्यास कर. वहिनी म्हणते, हातचे सोडू नकोस. तीच म्हण, फक्त भाकरीच्या जागी आता पोळी!

मी तिला बाईंचाच प्रश्न विचारला. या पत्राने दुसरे कुठले दार बंद होते का? आम्ही दोघींनी ते ओळ न् ओळ वाचले. करार किती वर्षांचा, मध्येच सोडल्यास किती पैसे भरायचे, मूळ प्रमाणपत्रे कोणाकडे, रात्रपाळीत एका परिचारिकेकडे किती रुग्ण, परीक्षेसाठी रजा मिळेल का. दोन गोष्टी पत्रात लिहिलेल्याच नव्हत्या. त्या लेखी विचारायच्या ठरल्या.

“आणि ते नाही म्हणाले तर?” तिने विचारले.

“मूळ कागद मागितले तर परत ये. बाकीचं घासाघीस करून बघ. आणि आत गेलीस, तर मनापासून जा. पळत्याकडे डोळा ठेवून हातचं काम अर्धवट करू नकोस. तिथे माणसं झोपलेली असतात, आपल्या भरवशावर.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आत्या, त्या मुलीचं पुढे काय झालं? मातीचे केस होते ती?”

“तिसऱ्या दिवशी मी तिचे केस धुतले,” मी सांगितले. “चार वेळा पाणी बदलावं लागलं.”

भाचीने पत्राची घडी घातली आणि रुग्णालयाला विचारायचे प्रश्न लिहायला घेतले.