सोडा दुधात, दूध सोड्यात नव्हे

शेळीच्या दुधाचा साबण हा तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या क्रियेतून होणारा साधाच साबण असतो. फरक एवढाच की सोडा पाण्याऐवजी दुधात विरघळवतात. तेलातील मेदाम्ले सोड्याशी संयोग पावली की साबण तयार होतो आणि ग्लिसरीन सुटते. मापे बरोबर असतील तर पक्व वडीत सोडा उरत नाही; पण सोड्याशिवाय साबण होतच नाही. ‘केमिकल-फ्री साबण घरी शिका’ ही जाहिरात म्हणूनच खोटी असते. वितळवून साच्यात ओतायची तयार वडी विकत आणली, तरी तिच्यात सोडा दुसऱ्या कुणीतरी आधीच घातलेला असतो.

अशाच जाहिरातीच्या एका वर्गात प्रस्तुत लेखिका एक रविवार जाऊन आली. तिच्या बार्शीजवळच्या घरी दोन उस्मानाबादी शेळ्या होत्या. ही जात मुख्यतः मटणासाठी आणि जुळ्या करडांसाठी पाळतात. करडे पिऊन उरलेले दूध वासामुळे घरात कुणी घेत नसे, त्याचे काहीतरी व्हावे एवढाच हेतू होता.

साहित्य ग्रॅममध्ये तोलायचे असते. वाटी आणि चमचा येथे चालत नाहीत, कारण सोड्याचे पापुद्रे आणि दाणे एकाच चमच्यात वेगवेगळ्या वजनाचे भरतात. प्रत्येक तेलाला लागणारा सोडाही वेगळा असतो: 1 ग्रॅम खोबरेलाला सुमारे 0.183 ग्रॅम, ऑलिव्ह तेलाला 0.135 आणि एरंडेलाला 0.128. खोबरेल 200, ऑलिव्ह 250 आणि एरंडेल 50 ग्रॅम घेतल्यास हिशेब 76.75 ग्रॅम येतो. त्यातून 5 टक्के कमी करून 73 ग्रॅम सोडा घ्यावा, म्हणजे थोडे तेल मोकळे राहते आणि साबण त्वचेला लागत नाही. दूध 170 ग्रॅम पुरते. डोक्याला लावायच्या सुगंधी तेलात खनिज तेल असू शकते. त्याचा साबण होत नाही आणि सगळा हिशेब चुकतो. सोडा डब्यावर शुद्धता छापलेला, कोरडा आणि घट्ट झाकणाचा हवा. मोरीचा पाइप मोकळा करायची पूड वापरू नये. तिच्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात. धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा ही वेगळीच द्रव्ये आहेत.

भांडे स्टीलचे किंवा जाड, उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचे असावे. जर्मनचे पातेले, म्हणजे ॲल्युमिनियमचे, कधीही घेऊ नये. सोडा ते खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. डोळ्यांना सर्व बाजूंनी बंद चष्मा, हातात रबरी मोजे, पूर्ण बाह्या, उघडी खिडकी आणि स्वयंपाकघरात मूल किंवा मांजर नाही, इतकी तयारी झाल्यावरच सोड्याचा डबा उघडावा.

यापुढची पायरी सर्वांत धोक्याची आहे. दूध आदल्या दिवशी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवतात. ते तुकडे पातेल्यात घेऊन, पातेले बर्फाच्या पाण्यात ठेवून, सोडा चिमूट-चिमूट टाकत ढवळत राहायचे. सोडा विरघळताना भरपूर उष्णता सुटते. दूध तापले की त्यातील साखर करपून ते पिवळे, नारिंगी, शेवटी तपकिरी होते आणि प्रथिने फुटून अमोनियाचा वास येतो. उलट, सोड्याच्या ढिगावर पातळ पदार्थ ओतला तर तळाशी तो जागच्या जागी उकळतो आणि उसळून बाहेर येतो.

वर्गात वाटलेल्या कागदावर नेमके हे उलटे छापलेले होते: ‘सोड्यावर दूध ओता.’ माप होते ‘सहा चमचे’. शेवटची ओळ, ‘हाताला लागल्यास व्हिनेगर लावा.’ लेखिकेने तोच कागद भिंतीला चिकटवून, दूध न गोठवता, स्टीलच्या पातेल्यात तळाशी सोडा पसरला आणि वरून दूध ओतले. दोन सेकंद काही झाले नाही. मग पातेल्यातून जिलेबीच्या पाकाच्या रंगाचा फेस आवाज करत वर आला आणि उजव्या मनगटावर उडाला. मोजे मनगटापर्यंतच होते. त्यांच्यावर काचेच्या हिरव्या बांगड्या होत्या आणि द्रव त्यांच्याखाली अडकून राहिला. पहिली जाणीव आगीची नव्हती, बुळबुळीतपणाची होती. ती त्वचेतील चरबीचा साबण होत असल्याची खूण असते, हे नंतर कळले. कागदावर लिहिले होते म्हणून कपाटात व्हिनेगरची बाटली शोधण्यात काही मिनिटे गेली, आणि नळ तर हाताशीच होता.

खरा उपाय नळाचाच आहे. बांगड्या, अंगठ्या, भिजलेले कपडे काढून वाहत्या पाण्याखाली तो भाग किमान 20 मिनिटे धरावा. डोळ्यात गेल्यास पापण्या उघड्या धरून धूत राहावे आणि धूतच दवाखाना गाठावा. व्हिनेगर किंवा लिंबू शोधण्यात धुण्याची वेळ जाते, आणि आम्लाशी संयोग होतानाही उष्णता निघते. सोडा आत मुरत जातो, त्यामुळे कमी दुखते म्हणून जखम लहान समजू नये. बांगड्या आधी काढून ठेवा, ही साधी सूचना त्या कागदावर नव्हती.

वर्ग घेणाऱ्या बाईंना फोन केल्यावर उत्तर आले, ‘इतक्या बायकांनी केला, कुणाला काही झालं नाही.’ हे उत्तर आजही खुपते. मात्र एक गोष्ट नोंदवायला हवी. वर्गात त्यांनी स्वतः क्रम बरोबरच पाळला होता. गोठलेल्या तुकड्यांवर सोडा थोडा-थोडा पडताना लेखिकेने समोर बसून पाहिले होते. डोळ्यांनी पाहिलेले सोडून छापलेले खरे मानण्याची चूक त्या बाईंची नव्हे.

पुढची कृती सोपी आहे. सोडा-दुधाचे मिश्रण आणि वितळलेले तेल दोन्ही 30 अंशांच्या आसपास आल्यावर एकत्र करून विजेच्या हातघुसळणीने थांबून थांबून फिरवावे. वरून ओघळ सोडल्यावर रेघ क्षणभर टिकली की मिश्रण साच्यात ओतावे. हाताने ढवळल्यास बराच वेळ लागतो. दुधाचा साबण गुंडाळून ऊब देऊ नये. साचा फ्रिजमध्ये एक दिवस ठेवल्यास रंग पांढरट राहतो. वड्या मोजे घालूनच कापाव्यात आणि हवेशीर जागी 4 ते 6 आठवडे वाळवाव्यात. वरची पांढरी भुकटी निरुपद्रवी असते. आत कणीदार पांढरे खिसे किंवा ओलसर ठिपके दिसले तर त्यात मोकळा सोडा असू शकतो, ती वडी टाकून द्यावी.

तयार साबणाचा पीएच 9 ते 10 असतो, म्हणून ‘त्वचेच्या पीएचचा’ हा दावा कोणत्याही खऱ्या साबणाबाबत चुकीचा ठरतो. इसब किंवा सोरायसिस त्याने बरा होतो, असेही सांगू नये. विक्री करायची असेल तर सौंदर्यप्रसाधनांच्या 2020 च्या नियमांनुसार उत्पादन परवाना लागतो.

लेखिकेची दुसरी खेप तराजूवर तोलून झाली आणि चांगली झाली. शेजारच्या काकूंनी वडी हातात घेऊन विचारले, ‘यात काही केमिकल नाही ना गं?’ उत्तर गेले, ‘नाही हो, घरचंच आहे.’ मनगटावरचा डाग तेव्हाही बाहीखाली होता.