पुंगळ्या उजळताना

रायफलीतून झाडलेली पितळी पुंगळी पुन्हा भरायची असेल तर ती स्वच्छ असावी लागते, चकचकीत असण्याची गरज नसते. रेंजवरची वाळू तिला चिकटून राहिली तर मापात आणणाऱ्या साच्यात, म्हणजे डायमध्ये, दाबताना ओरखडे उठतात, पुंगळीवरही आणि डायच्या आतही. एवढ्यासाठी ती साफ करायची. त्यापुढची चमक ही निव्वळ डोळ्यांची हौस. ती हौस मला फार होती आणि तिचा परिणाम माझ्या मुलीच्या रक्ताच्या तपासणीत दिसला.

मी ओहायोत राहतो, कोलंबस शहराजवळ. याच राज्यात ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी आहे. १९०७ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा तिथे भरत आल्या आहेत. एका उन्हाळ्यात त्या पाहायला गेलो आणि पुढे स्वतःच रायफल हातात घेतली. नेमबाजीचा नियमित सराव करायचा तर विकतची काडतुसं परवडत नाहीत. काडतुसातला सगळ्यात महाग भाग म्हणजे पुंगळी, आणि नेमकी तीच पुन्हापुन्हा वापरता येते. म्हणून सराव संपला की आम्ही वाकून पुंगळ्या वेचतो, घरी आणतो, जुना प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी बुडाची टिकली, ठोकून काढतो, पुंगळी साफ करून मापात आणतो आणि नव्याने भरतो.

पितळ मला परकं नव्हतं. मी खडकीत वाढलो. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, आणि आमच्या आळीतली निम्मी घरं त्या कारखान्याच्या पगारावर चालत. काडतुसाच्या पितळात साधारण सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त असतं, हे मला शाळेच्या वयातच माहीत होतं. पुढे हौसेने त्याचा इतिहासही वाचला. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात ठेवल्या जागी तडकत. ती तबेल्यांजवळ साठवलेली असत. घोड्यांच्या मुतातून उठणारा अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी ओढून घडवताना पितळात राहिलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की भेगा पडत. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी त्याचा उलगडा केला. हे वाचल्यापासून मी पॉलिशच्या प्रत्येक बाटलीवरची बारीक अक्षरं तपासत असे. अमोनिया असलेलं काहीही माझ्या पुंगळ्यांच्या जवळ येऊ देत नसे.

पितळाची मी इतकी काळजी घेत होतो. पुंगळीच्या आत काय बसलेलं असतं, याचा विचार मात्र केला नव्हता.

पुंगळ्या साफ करण्याचं माझं यंत्र, म्हणजे टंबलर, थरथरणाऱ्या प्रकारचं होतं. बुडाशी मोटर, वर प्लॅस्टिकचा मोठा वाडगा. त्यात अक्रोडाच्या टरफलांचा चुरा भरायचा, थोडं पॉलिश घालायचं, पुंगळ्या टाकायच्या आणि काही तास चालू ठेवायचं. मी बहुतेकदा झाकण लावत नसे, कारण काळवंडलेल्या पुंगळ्या हळूहळू उजळत वर येताना बघायला मला आवडायचं. मग सगळं मोठ्या चाळणीत ओतायचं आणि चुरा खाली पडेपर्यंत हलवायचं. हिवाळ्यात गॅरेजचं दार बंद असे. चाळताना करडी धूळ उठायची, दिव्याच्या उजेडात तरंगताना दिसायची. मी फुंकर मारून ती हातावरून उडवायचो.

त्या धुळीत शिसं होतं. नेहमीच्या प्रायमरमध्ये लेड स्टिफ्नेट नावाचं शिशाचं संयुग असतं. ते पेटलं म्हणजे त्यातलं शिसं नाहीसं होत नाही. त्याचे अतिसूक्ष्म कण पुंगळीच्या आतल्या भिंतीवर आणि प्रायमरच्या खळीत बसतात. टंबलर नेमके तेच खरवडून काढतो. पुंगळी स्वच्छ होते, चुरा विषारी होतो आणि चाळणी तो चुरा हवेत उधळते. तोच चुरा मी महिनोन्‌महिने वापरायचो, काळा पडला तरी. काम झालं की त्याच कपड्यांनी घरात यायचो. गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्या मध्ये एकच दार, त्या दाराशी पायपुसणं, आणि मुलगी तेव्हा नुकती रांगायला लागलेली. दार वाजलं की ती त्या पायपुसण्यापर्यंत येऊन हात वर करायची. मी तिला उचलून घ्यायचो. माझे कपडे तिच्या झबल्यांबरोबर एकाच मशीनमध्ये धुतले जायचे.

पहिल्या वाढदिवसाच्या तपासणीत बोटातून रक्त घेतलं, मग खात्रीसाठी शिरेतून. शिशाचा आकडा ११ आला, म्हणजे डेसिलिटरला ११ मायक्रोग्रॅम. लहान मुलांसाठी ३.५ च्या वर गेलं की इथले डॉक्टर लक्ष घालतात, आणि शिशाचं कुठलंही प्रमाण मुलांना सुरक्षित मानलं जात नाही. ते मेंदूच्या वाढीवर घाला घालतं आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. हे मी त्या रात्री वाचलं. बायको शेजारी बसून तेच वाचत होती.

आरोग्य खात्यातल्या नर्सबाईंचा फोन आला. घर १९७८ च्या आधीचं आहे का, भिंतींचा रंग सुटतोय का, असं त्यांनी विचारलं. मग हळद, काजळ, कुंकू, पितळेची भांडी. भारतीय घरांत शिसं सापडतं ते पुष्कळदा याच वाटांनी, त्यामुळे प्रश्न अगदी रास्त होते. शेवटी नोकरी आणि छंद. नोकरी सॉफ्टवेअरची, मी सांगितलं. नेमबाजी? कधीमधी रेंजवर जातो. घरी त्यातलं काही करता का? नाही, मी म्हणालो.

मला खोटं बोलायचं नव्हतं. घरी मी बंदूक चालवत नव्हतो, शिसं वितळवत नव्हतो. मी पुंगळ्या साफ करत होतो, आणि साफ करण्यात काही घातक असेल हे माझ्या मनाला शिवलंच नाही. पण आई आमच्याकडे आलेली होती, तिने सांगलीची हळद स्वतः दळून आणली होती, तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळ आणलं होतं. मला उत्तर सापडल्यासारखं वाटलं आणि त्यानंतर मी शोधणं थांबवलं. माझी खरी चूक इथे झाली. चाळणीपेक्षाही ही मोठी.

“आई, तुझी हळद आणि काजळ या घरात नको,” मी म्हणालो. तिने वाद घातला नाही. डबे स्वतः रिकामे केले. त्या दिवसापासून नातीला घेण्याआधी ती कोपरापर्यंत हात धुवायची, आणि पुढे तिने तिला मांडीवर घेणंच कमी केलं. मी ते पाहत होतो आणि मला ते योग्यच वाटत होतं. ती ठरलेल्या तारखेच्या आधीच परत गेली. मी थांबवलं नाही.

मुलीचं पुढचं रक्त १४ आलं. हळद जाऊन आठवडे झाले होते.

मग आरोग्य खात्याच्या तपासनीस घरी आल्या. त्यांनी जागोजागी ओल्या कापडाने पुसून नमुने घेतले. आईने आणलेल्या हळदीची एक पुडी फडताळात मागे राहिली होती, तिचाही नमुना गेला. गॅरेजमध्ये त्या टंबलरपाशी थांबल्या आणि हे कशासाठी, एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगायला लागलो आणि अर्ध्यावरच मला कळलं. अहवालात सगळ्यात जास्त शिसं पायपुसण्याखाली आणि कपड्यांच्या मशीनवर होतं. हळदीत काही नव्हतं. माझ्या स्वतःच्या रक्तात २७ निघालं.

४५ च्या आत असलं की मुलांना सहसा औषध देत नाहीत. शिशाची वाट बंद करायची, लोह आणि कॅल्शियम पुरेसं पोटात जाईल हे पाहायचं आणि वाट बघायची. रक्तातलं शिसं काही आठवड्यांत निम्म्यावर येतं, पण त्यातलं बरंच हाडांत जाऊन बसतं आणि तिथे वर्षानुवर्षं राहतं. मुलीचा आकडा हळूहळू उतरला. ती बोलायला लागली, धावायला लागली, डॉक्टरांना वेगळं काही दिसत नाही. काय झालं असतं आणि काय झालं नाही, हे मला कधीच कळणार नाही. तिच्या प्रत्येक अडखळलेल्या शब्दापाशी मी थांबतो.

आईला फोन केला. हळद निर्दोष होती, सगळं माझ्यामुळे झालं, हे सांगितलं. तिने पहिला प्रश्न विचारला तो नातीच्या आकड्याचा. नंतर म्हणाली, “मी त्या दिवशी बोलले नाही, कारण तू बाप आहेस.” तिच्या त्या राहिलेल्या महिन्यांची भरपाई माझ्याजवळ नाही.

नेमबाजी मी सोडलेली नाही. कोरडा टंबलर चुऱ्यासकट गेला. आता गोल फिरणाऱ्या पिंपात पाणी, स्टीलच्या बारीक सुया, भांड्यांचा साबण आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड. जास्त घातलं तर पितळ गुलाबी पडतं, जस्त निघून जाऊ लागतं. धूळ उठत नाही, पण शिसं पाण्यात उतरतंच. म्हणून हातमोजे घालतो, ते पाणी मोरीत ओतत नाही, वेगळं साठवून घातक कचऱ्याच्या केंद्रावर देतो. हे सगळं एका मित्राच्या शेडमध्ये, घरापासून लांब. कपडे आणि बूट तिथेच राहतात, तिथेच धुतले जातात. शिसं नसलेले प्रायमरही मिळतात, पण रेंजवरून वेचलेल्या पुंगळीत कुठला होता हे सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक पुंगळी मी शिशाचीच धरतो.

अमेरिकेत आता बरीच मराठी मंडळी रेंजवर दिसतात, आणि काहींच्या गॅरेजात तसाच वाडगा थरथरत असतो. तुमच्याकडे असेल तर आधी स्वतःचं रक्त तपासून घ्या, आणि घरात लहान मूल असेल तर त्याचंही. डॉक्टरांनी छंद विचारला नाही तरी आपणहून सांगा, आणि टंबलरचं नाव घेऊन सांगा.